वृद्धांची हेळसांड आणि कागदाचा पुरावा

मारहाण झाली तर अंगावर वळ उठतो, आरडाओरड होते, शेजारी धावून येतात. हेळसांडीचे तसे नसते. जे करावयास हवे होते ते न करणे याचे नाव हेळसांड. आणि न केलेल्या गोष्टीचा आवाज होत नाही. वेळेवर न पाजलेले पाणी, न बदललेली कूस, न दिलेली गोळी, ओले होऊन रात्रभर तसेच राहिलेले अंथरूण, या साऱ्याला प्रत्यक्ष साक्षीदार बहुधा एकच असतो, आणि तो म्हणजे खाटेवर पडलेले ते म्हातारे माणूस. त्याची वाचा गेलेली असते, किंवा स्मरण गेलेले असते, किंवा आज तक्रार केली तर उद्या आपले अधिकच हाल होतील या भयाने ते गप्प राहिलेले असते. मग अशा अपराधाची शाबिती करावयाची कशी? वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषागृहात ज्यांची आई अथवा बाप आहे, त्या प्रत्येक कुटुंबाने या प्रश्नाचे उत्तर आधीच जाणून ठेवले पाहिजे. प्रसंग ओढवल्यानंतर ते शोधू जाणारा बहुधा रिकाम्या हातानेच परततो.

वकिलाकडे अशी तक्रार घेऊन येणारा माणूस म्हणजे मुंबईस नोकरी करणारा मुलगा किंवा तिकडेच दिलेली मुलगी. "साहेब, आमच्या आयेकडे तिथे कुणी बघितलेच नाही हो. पाठ नुसती सडून गेली होती," असे म्हणून तो डोळे पुसतो. त्याचे दुःख खरे असते, आणि पुष्कळदा त्याचा आरोपही खरा असतो. परंतु कागद काय आहेत असे विचारले म्हणजे पिशवीतून निघतो तो केवळ मृत्यूचा दाखला, आणि मोबाईलवर घेतलेले दोन अंधुक फोटो. अंत्यविधी उरकलेला असतो. रुग्णालयाने दिलेले कागद पुण्यानुमोदनाच्या गडबडीत कोठेतरी गहाळ झालेले असतात. वृद्धाश्रमातील नोंदवही मागावयाची असते हे कोणास सुचलेलेच नसते. न्यायासनापुढे अश्रू सादर करता येत नाहीत. तेथे पुरावा लागतो.

रत्नागिरी जिल्ह्यास या प्रश्नाची झळ अधिक लागते याला कारण आहे. 2001 च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती. 2011 मध्ये ती 16,15,069 भरली. सारा देश वाढत असता हा जिल्हा घटला. दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया अशी 2011 ची नोंद आहे. या आकड्यांचा अर्थ कोकणातल्या प्रत्येक वाडीस ठाऊक आहे. कर्ती माणसे मुंबईस जातात. मागे उरतात त्या म्हाताऱ्या, आणि त्यांतही एकट्या स्त्रिया अधिक. पूर्वी भावकीतले कोणी ना कोणी पाहत असे. आता भावकीतलेही मुंबईस आहे. तेव्हा हातपाय चालेनासे झाले म्हणजे म्हातारीस कोठेतरी ठेवणे भाग पडते. मुलगा महिन्याचे पैसे पाठवितो, गणपती-शिमग्याच्या सुटीत नाहीतर मे महिन्यात येऊन भेटतो, आणि मधल्या काळात तिचे काय चालले आहे हे फोनवरच्या "बरी आहे" या दोन शब्दांवरून समजून घेतो. हे दोन शब्द पुरावा नव्हेत.

कागदाचे सामर्थ्य आपल्या लोकांस निराळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. याच जिल्ह्यात आपले वाडवडील खोताची कुळे होती. कोणी किती धान्य घातले, किती बाकी राहिली, हे खोताच्या वहीत लिहिलेले असे, आणि ती वही कुळास वाचता येत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे कुळांचा हा साराच अनुभव उभा होता. ज्याच्या हाती वही त्याचे म्हणणे खरे, हा त्या काळचा न्याय होता. आज खोत नाही, पण वही आहे, आणि ती पुन्हा दुसऱ्याच्याच हाती आहे. फरक एवढाच की ती पाहण्याचा आणि तिची नक्कल मागण्याचा हक्क आज कायद्याने आपल्या पदरात टाकलेला आहे. तो वापरावयाचा की नाही, हे आपल्यावर अवलंबून आहे.

वैद्यकीय नोंदींवरून सेवा झाली की हेळसांड झाली हे ठरविता येते काय, अशी शंका ज्यांना येत असेल त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे प्रकरण आठवावे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी त्याच रुग्णालयात त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला, मेंदूस इजा पोहोचली, आणि 18 मे 2015 रोजी मृत्यू येईपर्यंत जवळजवळ साडेएकेचाळीस वर्षे त्या अंथरुणाला खिळून राहिल्या. 2009 मध्ये एका लेखिकेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज करून त्यांना अन्न देणे थांबवावे अशी मागणी केली. त्यांची हाडे ठिसूळ झाली असून शरीराचा केवळ सांगाडा उरला आहे, असे त्या अर्जात वर्णन होते. रुग्णालयाचे म्हणणे निराळे होते. दोन वर्णने, आणि जिच्याविषयी ती होती तिला बोलता येत नव्हते. न्यायालयाने काय केले? 24 जानेवारी 2011 रोजी मुंबईतील तीन तज्ज्ञ डॉक्टर नेमले. त्यांनी रुग्णालयातील उपलब्ध वैद्यकीय कागदपत्रांवरून आणि अधिष्ठाता, परिचारिका विद्यालयाच्या प्राचार्या व वॉर्ड क्रमांक 4 मधील सेवकवर्ग यांच्याशी बोलून आजाराचा पूर्वेतिहास जमविला आणि नंतर प्रत्यक्ष देह तपासला. अंगावर शय्याव्रण नाहीत, पूर्वी होऊन भरून आलेल्या शय्याव्रणांच्या खुणादेखील नाहीत, आणि कुपोषणाची वा शरीरातील पाणी कमी झाल्याची लक्षणे त्वचेवर दिसत नाहीत, असे त्यांनी नमूद केले.

7 मार्च 2011 चा तो निकाल दयामरणाच्या प्रश्नासाठी प्रसिद्ध आहे. पुराव्याच्या दृष्टीने त्यातील या एका नोंदीचे मोल फार मोठे आहे. भरून आलेल्या जखमेचाही व्रण कातडीवर राहतो; तो नाही, याचा अर्थ सदतीस वर्षे कोणीतरी दिवसरात्र त्यांची कूस बदलीत होते, अंग पुशीत होते, अंथरूण कोरडे ठेवीत होते. त्या परिचारिकांची नावे आपणास ठाऊक नाहीत. पण त्यांच्या सेवेची साक्ष त्या देहाने दिली आणि तज्ज्ञांनी ती कागदावर उतरविली. न्यायालयाने त्या सेवेचा गौरव केला आणि रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या सेवकवर्गाचा आहे असे मानले. जो कागद सेवा सिद्ध करू शकतो, तोच कागद हेळसांडही सिद्ध करू शकतो.

आता हे कागद कोणते, ते पाहू. सोयीसाठी त्यांचे तीन गठ्ठे समजावेत.

पहिला गठ्ठा वृद्धाश्रमाचा अथवा शुश्रूषागृहाचा. दाखल करते वेळी भरलेला अर्ज आणि त्या दिवशीची प्रकृतीची नोंद, वजनाची नोंद, औषधे दिल्याची नोंद, कूस बदलल्याची, अन्नपाण्याची, लघवी-शौचाची नोंद, पडझड झाल्यास त्याची नोंद, भेटीस येणाऱ्या डॉक्टरांचे शेरे, आयांच्या व परिचारिकांच्या पाळ्यांचा तक्ता, आणि भेटीस येणाऱ्या नातलगांची वही.

दुसरा गठ्ठा रुग्णालयाचा. म्हातारे माणूस अत्यवस्थ झाले म्हणजे त्यास जिल्हा रुग्णालयात किंवा खाजगी इस्पितळात हलवितात. तेथे दाखल करून घेताना जो डॉक्टर तपासतो, तो त्या क्षणी जे दिसते ते लिहितो. त्याला वृद्धाश्रमाशी काही देणेघेणे नसते, पुढे खटला होईल याची कल्पनाही नसते. म्हणून त्याच्या त्या चार ओळी पुराव्यात सर्वांत वजनदार ठरतात. दाखल झाल्याची वेळ, वजन, जखमांचे वर्णन, पहिल्या दिवशीचे रक्ताचे अहवाल आणि क्ष-किरण चित्र यांची नक्कल प्रथम हस्तगत करावी.

तिसरा गठ्ठा आपल्या घरचा. भरलेल्या पैशाच्या पावत्या, केलेले फोन, पाठविलेले निरोप, तारखेसह घेतलेली छायाचित्रे, आणि औषधाच्या दुकानाची बिले. या बिलांकडे कोणी लक्ष देत नाही. पण ती मुकी असून खरे बोलतात. दिवसातून तीन वेळा गोळी दिली असे नोंदवहीत महिनाभर लिहिलेले असेल, तर गोळ्या नव्वद लागल्या पाहिजेत. बिलांवरून तीसच आणल्याचे दिसत असेल, आणि दुसरा कोठलाही पुरवठा नसेल, तर उरलेल्या साठ गोळ्या केवळ शाईच्या होत्या हे साध्या गणितावरून सिद्ध होते.

कागद मिळाले म्हणजे ते तारखेप्रमाणे लावून एका तक्त्यात उतरावेत. मग काही गोष्टी आपोआप बोलू लागतात. पहिली गोष्ट वजनाची. महिन्याभरात शेकडा पाच किंवा सहा महिन्यांत शेकडा दहा वजन घटले तर वैद्यकशास्त्र ती धोक्याची सूचना मानते. पन्नास किलोची म्हातारी सहा महिन्यांत पंचेचाळीसवर आली, तर कोणी डॉक्टरला बोलाविले काय, आहार बदलला काय, याची नोंद सापडलीच पाहिजे. सापडली नाही, तर तो प्रश्न विचारण्याचा हक्क आपणास प्राप्त होतो. दुसरी गोष्ट शय्याव्रणांची. अंथरुणास खिळलेल्याच्या माकडहाडावर, खुब्यावर, टाचांवर या जखमा होतात, आणि त्यांच्या चार पायऱ्या डॉक्टर मानतात. प्रथम कातडी अखंड असून ती लाल राहते. नंतर कातडी सोलवटते. नंतर जखम चरबीपर्यंत जाते. आणि शेवटी स्नायू वा हाड उघडे पडते. आदल्या दिवशीच्या वहीत "त्वचा चांगली" असा शेरा, आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या कागदावर हाडापर्यंत पोहोचलेली, काळी पडलेली जखम, असे दिसले तर त्या शेऱ्याचा जाब द्यावाच लागेल. तिसरी गोष्ट पाण्याची. दाखल केल्या दिवशीच्या रक्ततपासणीत सोडियम आणि युरिया यांची प्रमाणे फार चढलेली असतील, तर शरीर तहानलेले होते काय, याचा उलगडा तज्ज्ञ करू शकतो.

चौथी गोष्ट नोंदीच्या स्वरूपाची, आणि ती ओळखण्यास डॉक्टर लागत नाही. तीस दिवसांच्या नोंदी एकाच शाईने, एकाच हाताने, एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसतात काय? रोज "सर्व ठीक" एवढेच आहे काय? ज्या आयेची सही आहे ती त्या दिवशी रजेवर असल्याचे पाळ्यांचा तक्ता सांगतो काय? रुग्णवाहिका सकाळी दहाला निघाली असता दुपारी दोन वाजता औषध दिल्याची नोंद आहे काय? क्ष-किरणात खुब्याचे हाड मोडलेले दिसते, पण पडल्याची नोंद कोठेच नाही, असे आहे काय? अतिस्वच्छ कागद हा पुष्कळदा अस्वच्छ खाटेचा पुरावा असतो.

हे कागद मिळवावयाचे कसे? भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारविषयक विनियमांनुसार डॉक्टराने दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवले पाहिजेत. आणि रुग्णाने, त्याने अधिकार दिलेल्या माणसाने किंवा कायदेशीर अधिकाऱ्याने मागणी केल्यास ती मागणी रीतसर पोचवून 72 तासांच्या आत ते दिले पाहिजेत. मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्ये रघुनाथ रहेजा यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की, रुग्णाच्या स्वतःच्याच कागदांची नक्कल नाकारताना गुप्ततेची सबब सांगता येणार नाही. सरकारी रुग्णालय वा सरकारी वृद्धाश्रम असेल तर माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा हाताशी आहे. त्यात 30 दिवसांची मुदत असली तरी जीविताचा प्रश्न असेल तेथे 48 तासांत माहिती देणे बंधनकारक आहे. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयासारख्या संस्थेत ज्यांची माणसे आहेत, त्यांनी 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचे कलम 25 लक्षात ठेवावे. मनोरुग्णास स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क ते देते. आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात 2023 साली झालेल्या दुरुस्तीनुसार वैद्यकीय संस्थेत मृत्यू झाल्यास मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र, आजाराच्या पूर्वेतिहासासह, निबंधकाकडे पाठविणे आणि त्याची प्रत जवळच्या नातलगास देणे आवश्यक आहे. "हृदयक्रिया बंद पडली" एवढ्यावर समाधान मानू नये. हृदयक्रिया प्रत्येक मरणात बंद पडते. ती कशामुळे पडली हे त्या प्रमाणपत्रात असावयास हवे.

मागणी तोंडी करू नये. दोन प्रती लिहाव्या, एकीवर पोच घ्यावी. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पावती जपावी. अर्जात हेही लिहावे की मूळ नोंदवह्या, पाळ्यांचा तक्ता आणि कॅमेऱ्यातील चित्रण जसेच्या तसे राखून ठेवावे. मोबाईलवरील छायाचित्रे न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून ज्या फोनवर ती काढली तो फोन विकू नये आणि मूळ फोटो पुसून टाकू नयेत. मृत्यू संशयास्पद वाटला तर अंत्यविधीपूर्वी पोलिसांस कळवून शवविच्छेदनाची मागणी करावी. ही गोष्ट मनास जड जाते, हे खरे. परंतु देह हाच शेवटचा साक्षीदार असतो, आणि त्याची साक्ष एकदाच घेता येते.

नोंदवही दिलीच नाही तर? निराश होण्याचे कारण नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 119 च्या उदाहरणात सांगितले आहे की, जो पुरावा सादर करता आला असता पण केला नाही, तो सादर केला असता तर तो दडविणाऱ्याच्या विरुद्ध गेला असता, असे न्यायालयास गृहीत धरता येते. कलम 109 प्रमाणे जी गोष्ट विशेषेकरून एखाद्याच्याच माहितीतील आहे ती शाबीत करण्याचा भार त्याच्यावर पडतो. बंद दाराआड रात्री काय घडले हे मुंबईतल्या मुलास ठाऊक असणे शक्य नाही. ते संस्थेस ठाऊक असते, असा युक्तिवाद या कलमाच्या आधारे करता येतो.

दाद मागण्याची ठिकाणेही माहीत असावीत. पैसे घेऊन सेवा देणारी संस्था ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली येते. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात मोडते हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये शांता यांच्या प्रकरणात ठरविले. मात्र जेथे सर्वांनाच सर्वकाळ विनामूल्य सेवा मिळते ती संस्था त्यातून वगळली. माणूस मरण पावले असेल तर वारसास तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर फी नाही. आणि चाकरमान्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार दाखल होऊ शकते. प्रत्येक तारखेस रत्नागिरीस यावयास नको. फौजदारी बाजूस भारतीय न्याय संहितेचे कलम 357 आहे. आजाराने वा शारीरिक दुर्बलतेने असहाय झालेल्या माणसाची देखभाल करण्यास कराराने बांधलेला असून जो जाणूनबुजून ती करीत नाही, त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ते सांगते. शिक्षा अल्प आहे, पण कलम नेमके आहे, आणि त्याचा उपयोग फारसा कोणी करीत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास कलम 106 आहे. तेथे मात्र डॉक्टरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2005 च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात घालून दिलेली कसोटी कडक आहे, साध्या चुकीस ती लागू पडत नाही. वकिलाच्या फीची चिंता ज्यांना वाटते त्यांनी ध्यानात घ्यावे की, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीस आणि कोणत्याही स्त्रीस विनामूल्य विधी साहाय्याचा हक्क आहे. आणि 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीचा दर्जा जात नाही.

इतके सांगितल्यावर एक इशारा देणे कर्तव्य आहे. प्रत्येक जखम म्हणजे हेळसांड नव्हे. मरणोन्मुख देहाची कातडी उत्तम सेवेतही कधी कधी फाटते. काही खोल जखमा आतून सुरू होऊन थोड्या दिवसांत वर दिसतात. कर्करोगाने, क्षयाने, स्मृतिभ्रंशाने वजन घटते. म्हणूनच तज्ज्ञाचे मत घ्यावयाचे, आणि म्हणूनच सारे कागद पाहावयाचे. आपणास सोयीचा तेवढाच उचलावयाचा नाही. जो पुरावा आपल्या विरुद्ध जातो तोही वाचण्याची तयारी ज्याची नाही, त्याने न्यायाची भाषा बोलू नये.

दुसरा इशारा आयांविषयी. प्रकरण अंगावर आले म्हणजे संस्थाचालक प्रथम आयेस पुढे ढकलतात. ही आया कोण असते? अपुऱ्या पगारावर रात्रपाळी करणारी, पुष्कळदा आपल्याच घरातली सून, आपल्याच वाडीतली विधवा. वीस खाटांमागे रात्री एकच बाई असेल, आणि दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलणे अपेक्षित असेल, तर पहाटेपर्यंत चौकडीच्या वर खाटा तिच्या हातून सुटणारच. पाळ्यांचा तक्ता म्हणून महत्त्वाचा. दोष हाताचा की हात अपुरे ठेवणाऱ्याचा, हे तो सांगतो. आपली लढाई त्या बाईविरुद्ध होऊ देता कामा नये.

आता कायद्यातील उणिवेकडे वळू. वर सांगितलेले विनियम डॉक्टरांस बांधतात; वृद्धाश्रम चालविणाऱ्यास ते थेट बांधीत नाहीत. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याच्या कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम काढण्याची तरतूद आहे, पण तीत राज्य सरकारवर सक्ती नाही, केवळ मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2018 च्या अश्वनीकुमार निकालात वृद्धांचे हक्क हे जीविताच्या मूलभूत हक्कातच मोडतात असे म्हटले आणि जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती गोळा करण्यास सांगितले. आपल्या राज्याचा शुश्रूषागृह नोंदणीचा 1949 चा कायदा आजारी, जखमी वा विकल माणसांस ठेवून त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणाऱ्या जागेस शुश्रूषागृह मानतो. तेव्हा अंथरुणाला खिळलेल्यांस पैसे घेऊन ठेवणारी आणि त्यांच्यावर उपचार करणारी संस्था, दारावर "आश्रम" अशी पाटी लावली म्हणून या कायद्यातून सुटता कामा नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इतर देशांनी काय केले तेही पाहावे. अमेरिकेत 1987 च्या कायद्याने शुश्रूषागृहातील प्रत्येक रहिवाशाच्या प्रकृतीची ठराविक नमुन्यात वेळोवेळी नोंद करणे सक्तीचे झाले. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ओकडेन येथील सरकारी वृद्धगृहात एका रुग्णास ठरलेल्या मात्रेच्या दहापट औषध दिले गेले. त्याच्या कुटुंबाने प्रश्न विचारणे सोडले नाही. 2017 मध्ये चौकशीचा अहवाल आला, ते गृह बंद झाले, 2018 मध्ये साऱ्या देशासाठी चौकशी आयोग नेमला गेला आणि 2021 मध्ये त्याचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला. एका कुटुंबाच्या चिकाटीने केवढे कार्य होते, याचे हे उदाहरण आहे.

आमची मागणी मोठी नाही. वजन, त्वचा, अन्नपाणी, औषधे आणि पडझड या पाच गोष्टींची नोंद प्रत्येक वृद्धाश्रमाने दररोज वा ठरलेल्या दिवशी करावी. मागितल्यापासून 72 तासांत तिची नक्कल द्यावी. आणि जिल्हा समाजकल्याण अधिकाऱ्याने वर्षातून दोनदा, न कळविता येऊन, वही आणि खाट दोन्ही पाहाव्या. सरकारने नियम करीपर्यंत आपण हेच दाखल करतेवेळी करारात लिहून घ्यावे. जी संस्था चांगली आहे ती यास नकार देणार नाही. तिला तर ही वही ढालीसारखी उपयोगी पडेल.

विनयपिटकातील एक प्रसंग या ठिकाणी आठवतो. एक आजारी भिक्षू आपल्याच मलमूत्रात पडलेला भगवान बुद्धांच्या दृष्टीस पडला. त्यांनी त्यास विचारले: आजार कोणता, सेवेस कोणी आहे काय, आणि नसेल तर का नाही. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही, हे उत्तर मिळाले. भगवंतांनी आनंदाबरोबर त्याला स्वतः न्हाऊ घातले, आणि मग संघास एकत्र बोलावून जाब विचारला. आधी चौकशी, मग सेवा, मग जबाबदारीची निश्चिती, असा तो क्रम आहे. आणि ज्या सबबीवर त्या भिक्षूस टाकून दिले होते, तीच सबब आजही म्हाताऱ्या माणसाच्या खाटेभोवती घोटाळत असते.

शेवटी एक गोष्ट कटू असली तरी सांगितली पाहिजे. पहिल्या गठ्ठ्यात भेटीस येणाऱ्या नातलगांची वही असते, असे वर म्हटले आहे. संस्थेविरुद्ध दावा लावू तेव्हा ती वहीदेखील न्यायालयापुढे येईल. तिच्यात आपले नाव किती वेळा आहे? आईला ठेवले तेव्हा एकदा, आणि नेले तेव्हा एकदा, एवढेच असेल, तर समोरचा वकील तेच पान उघडून आपणास वाचावयास सांगेल. त्या प्रश्नाला कोणत्याही कायद्यात उत्तर नाही. म्हणून आजच एक साधी वही घ्या. महिन्यातून एकदा तरी जा, आणि जाता येत नसेल तर विश्वासाचे माणूस पाठवा. पांघरूण बाजूला करून आईची पाठ आणि टाचा पाहा. वजन विचारा, औषधे मोजा, आणि जे दिसले ते तारीख घालून लिहा. ती वही कधी न्यायालयात न्यावी लागली नाही, तर तिचे सार्थक झाले असेच समजावे.